धनीरामची उठबस

नागपूरला छाती उघडून परत शिवून आणल्यापासून धनीराम सेलोकरचा भाव फारच वाढला होता. मोहाडीजवळच्या त्या गावात जन्मभर धानाच्या बांध्यांत चिखल तुडवलेल्या माणसाला आता पाण्याचा पेला उचलायचीही मुभा नव्हती. तो हलला की बायको, सुलोचनाबाई, धावत यायची. बगलेत हात घालून उठवायची, बसवायची, पाठीशी उशी लावायची. भेटायला आलेले पाव्हणे दारातच चेहरे पाडत आणि चहा होईपर्यंत, त्याच्यादेखतच, याच्यामागं शेत कोण पाहील याची चर्चा करत. धनीराम डोळे मिटून ऐकत पडून राहायचा. त्याला मजा यायची. सत्तरी उलटेपर्यंत त्याची एवढी विचारपूस कोणी केली नव्हती.

टाके जुळले की भंडाऱ्याला व्यायामाच्या वर्गाला पाठवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सुलोचनाबाईनं ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडलं. उसवून शिवलेल्या माणसाला कोणी व्यायाम करायला लावतं, हे तिला पटणंच शक्य नव्हतं. तिनं त्याला खाटेवरच जेवू घातलं. हिवाळा असा सरला आणि धनीरामचे पाय तुराट्यांसारखे झाले.

पोरानं, मनिषनं, त्याच्यासाठी संडासाची खुर्ची आणून ठेवली होती. पण खुर्चीवर बसून माणूस हुकूम देतो, हागत नाही, असं धनीरामचं ठाम मत होतं. एका बाजाराच्या दिवशी सुलोचनाबाई भाजीला गेलेली पाहून तो परसातल्या जुन्या संडासात शिरला, कडी लावली आणि ऐटीत बसला. बसणं जमलं. उठणं जमेना. मांड्यांनी साफ नकार दिला. त्यानं भिंत धरून पाहिली. नळ धरला, तर नळच हातात आला. शेवटी इज्जत बाजूला ठेवून तो हाका मारू लागला.

शेजारचा डोमा धावत आला. दार आतून बंद. त्यानं वर चढून टिनाचा पत्रा उचकटला, भोकातून डोकं घातलं आणि अदबीनं विचारलं, "झालं का, काकाजी?"

दार तोडेपर्यंत अर्धा मोहल्ला जमला होता आणि सुलोचनाबाईही भाजीची थैली घेऊन त्या गर्दीत येऊन उभी होती. धनीरामला बाहेर आणलं तेव्हा त्याची लुंगी नेमकी कुठे होती, याबद्दल गावात अजूनही एकमत नाही.

दुसऱ्याच दिवशी मनिषनं त्याला ऑटोत घातलं आणि भंडाऱ्याला नेलं. पाण्याची बाटली, चादर आणि थैलीभर काळजी घेऊन सुलोचनाबाई सोबत होतीच. वर्ग म्हणजे एक लांब खोली, भिंतीला लावलेल्या खुर्च्या, कुठेच न जाणाऱ्या दोन सायकली आणि हृदय दुरुस्त करून आणलेले काही म्हातारे. शिकवणारी तृप्ती वयानं त्यांच्या नातीएवढी. तिनं धनीरामची नाडी पाहिली, बीपी घेतलं, हात छातीवर बांधायला लावले आणि नुसतं खुर्चीवरून उठायला सांगितलं. धनीराम लाल झाला, घामेजला, पण खुर्ची सुटली नाही.

"हृदय डॉक्टरांनी दुरुस्त केलं, बाबाजी," तृप्ती म्हणाली. "मांड्या तुम्ही घरी बिघडवल्या."

सुलोचनाबाई तिथंच भांडायला उठणार होती. मरता मरता वाचलेल्या माणसाला उठाबशा काढायला लावायला ही कोण? तृप्ती वाद घालत बसली नाही. तिनं धनीरामला खोलीभर हळूहळू चालवलं. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येऊ नये, एवढाच जोर लावायचा, असं सांगितलं. धनीराम सगळा वेळ शिव्या देत चालला. तृप्तीच्या मते जोर अगदी बरोबर होता.

उन्हाळा लागेस्तोवर तो हात न लावता उठू लागला. मग त्याला मस्ती चढली. नव्यानं आलेल्या म्हाताऱ्यांना तो खुर्चीवरून उठून दाखवायचा आणि ते पाहताहेत ना याची खात्री करून परत बसायचा. एकदा असाच फुशारून तो म्हणाला की यात काय आहे, हे तर आमची बुढीही करील.

तृप्तीनं सुलोचनाबाईकडे वळून विचारलं, "करून पाहता का, आजी?"

सुलोचनाबाई लाजली, हसली. थैली खाली ठेवली. हात छातीवर घेतले आणि जोर लावला. पुन्हा लावला. पदर अडकला म्हणाली, तो खोचून घेतला, पुन्हा जोर लावला. ती खुर्चीतच राहिली.

धनीरामच्या तोंडापर्यंत आलेलं हसू तिथंच थांबलं. त्यानं तिचं मनगट पाहिलं. बांगडी पार कोपरापर्यंत घसरली होती. या हातांनी ती हिवाळाभर त्याला उठवत होती. तो खाटेवर बसून खात होता, आणि ती काय खात होती, हे त्याला आठवेना. त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

संध्याकाळी तिनं ताट खाटेवर आणलं, तर तो उठून चुलीपाशी जाऊन बसला. म्हणाला, "उद्यापासून तूबी कर."

"मले काय धाड भरली? माया दिलाले काही नाही झालं."

"दिलाले नाही, मांड्याइले झालं. मी पडलो तं तू उचललं. तू पडशीन तं मी कोनच्या हातानं उचलू?"

तिनं ताट आणून त्याच्यापुढे ठेवलं. पण परपुरुषांसमोर उठाबशा काढणार नाही, एवढं तिनं स्पष्ट केलं. मग अंगणात दोन खुर्च्या मांडल्या गेल्या. धनीराम मास्तर झाला, आणि मास्तर म्हणून तो असह्य होता. तो सूचनाच जास्त द्यायचा. अंडं आणि डाळीची वाटी मात्र आधी तिच्यापुढे सरकवायचा, आणि ती संपेपर्यंत समोरून हलायचा नाही. ती चिडायची, पण खायची. पावसाळ्यात धानाची रोवणी संपत आली तेव्हा ती त्याच्यापेक्षा झपाझप उठू लागली होती, कारण ती मध्ये बोलत नव्हती.

पोळा झाला आणि तिनं जाहीर केलं की ती पवनीला बहिणीकडे चालली. याला कोण पाहील म्हणून ती कित्येक वर्षं गेली नव्हती. आता, ती म्हणाली, पाहण्यासारखं काही राहिलं नाही. यष्टीच्या उंच पायरीवर तिनं कंडक्टरचा हात नाकारला, दांडा धरला आणि चढली. मागे वळूनही पाहिलं नाही.

मनिष कामावर गेला होता. धनीरामनं घरी येऊन भातासाठी गंज चुलीवर ठेवला. आयुष्यभर धान पिकवलं, पण तांदळात पाणी किती घालतात हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं फोन लावला. सुलोचनाबाई बहिणीसोबत वैनगंगेच्या घाटावर बसली होती. पाणी अंदाजानं घालायचं असतं, एवढं सांगून तिनं फोन ठेवला.

धनीरामनं अंदाजानं घातलं. मग तो भात पेल्यात ओतून, मीठ टाकून, तो उभ्याउभ्याच प्यायला.