मुकादमाचा दाखला

ठेकेदारीच्या परवान्याच्या परीक्षेचं जाडजूड पुस्तक नासारिओला जवळजवळ पाठ झालं होतं. एकोणीस वर्षं बेकर्सफील्डच्या उन्हात डांबर पसरणाऱ्याला डांबर काय शिकवायचं, पण पुस्तकातलं इंग्रजी त्याला झेपायचं नाही. म्हणून दर रविवारी चानो यायचा, बार्बाकोआ मटणाचा डबा घेऊन. चानो त्याच्या मुलीचा धर्मपिता, म्हणजे त्याचा कोंपाद्रे, सख्ख्या भावाहून जवळचा. शिवाय त्याचा मालकही. सहा वर्षांपूर्वी चानो हीच परीक्षा देऊन ठेकेदार झाला, तेव्हा टन काढायचं गणित नासारिओनेच त्याच्या डोक्यात कोंबलं होतं. त्या उपकाराची फेड चाललीय, असं हा भोळा समजत होता.

"पार्किंग दोनशे फूट लांब, साठ रुंद, जाडी तीन इंच. किती टन माल?"

"दोनशे अठरा."

"अरे, कागद तरी घे."

"कागद तुला लागतो."

चानो पोट धरून हसायचा.

परीक्षेला बसायचं तर चार वर्षं मुकादमाचं काम केल्याचा दाखला लागतो, आणि तो मालकाने शपथेवर लिहून द्यायचा. मार्चमध्ये चानोने फॉर्म मागून घेतला. "मी भरून धाडतो. तू अभ्यासाचं बघ."

जूनमध्ये पत्र आलं. बायकोने, ओरालियाने, ते वाचून दाखवलं. अर्ज नामंजूर. सोबत दाखल्याची प्रत होती, आणि तिच्यावर चानोच्या अक्षरात लिहिलं होतं: 'मजूर. फावडं मारतो. देखरेखीशिवाय काम सोपवता येत नाही.'

"बाप्तिस्म्याला आपल्या पोरीला कडेवर घेऊन चर्चमध्ये उभा राहिला होता मेला," ओरालिया म्हणाली. नासारिओला त्या रात्री जेवण गेलं नाही.

सकाळी एका शाळेच्या आवारात काम होतं. चानो घाईत होता. "गाड्या सातला येतील. तू बघून घे, मला बाहेर जायचंय."

"माझ्यावर देखरेखीशिवाय काम सोपवता येत नाही म्हणे."

चानोचा चेहरा उतरला. मग तो हळूच म्हणाला, "एका गावात दोघांचे परवाने कशाला, कोंपाद्रे? माझ्याकडे काय कमी आहे तुला?"

"मग दर रविवारी कशाला येत होतास?"

"तुला बरं वाटायचं ना."

एवढं बोलून तो गाडीत बसून निघून गेला. नासारिओच्या अंगाचा तिळपापड झाला.

मालाची पहिली गाडी आली, तिच्या मागे दुसरी. नासारिओ बादली पालथी घालून तिच्यावर बसला. माणसं दाताळी हातात धरून त्याच्याकडे बघत राहिली. गरम माल थांबत नाही. निवला की दगड. आता फक्त बसून राहायचं होतं, चानोचा सगळा दिवस मातीत गेला असता. दहा मिनिटं झाली, वीस झाली. मालावर साय धरायला लागली. आपल्या हातून माल नासणं त्याला कधीच सोसलं नव्हतं.

त्याने चानोच्या सात पिढ्यांना शिव्या घातल्या. मग स्वतःला घातल्या. मग उठला आणि ड्रायव्हरला गाडी मागे घेऊन माल ओतायची खूण केली.

तो उठेल हे चानोला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर तो निघून जाऊ शकला होता.