तळहाताएवढी अक्षरं

माझ्या धाकट्या भावाने मोडेस्टोत दुसरं लग्न केलं ते १९७८ साल. त्या लग्नात माझी मुलगी एल्विरा सगळ्यांना सांगत फिरत होती, "आमच्याकडे कॉम्प्युटरला उंदीर लावलाय!" पालो आल्टोच्या टेकडीवरल्या एका प्रयोगशाळेत ती टायपिंग करायची. मी सॅन होजेत, जर्दाळू डब्यात भरणाऱ्या कारखान्यात होतो.

त्या प्रयोगशाळेची एक रीत होती. नवीन काही तयार झालं की कॉम्प्युटर कधीच न पाहिलेला माणूस आणून त्याच्यासमोर बसवायचा. त्याने मनात येईल ते मोठ्याने बोलायचं आणि बाकीच्यांनी गप्प राहायचं. तो अडला तरी सांगायचं नाही, चूक यंत्राची धरायची. लग्नानंतरच्या सोमवारी एल्विरा मला घेऊन गेली.

"सगळी चित्रंच आहेत, अपा. काही अवघड नाही."

चित्रं म्हटल्यावर मी तयार झालो. मला वाचता येत नव्हतं. तिच्या आईने आणि मी ही गोष्ट तिला कधी कळू दिली नव्हती.

वेंडेल नावाचा अनवाणी, दाढीवाला इंजिनिअर आला. त्याने कॅमेरा सुरू केला आणि माझ्या हाताखाली तीन बटणांचा ठोकळा सरकवला.

"चावत नाही हं तो," एल्विरा मागून म्हणाली.

"आमच्या गोदामातले चावतात."

वेंडेल खो खो हसला. मी उंदीर सरकवला, तसा पडद्यावर बाण सरकला. टेबलाची कड आली तेव्हा मी म्हणालो, "आता टेबल संपलं," आणि टेबलच ढकललं. उंदीर उचलून पुन्हा मधे ठेवावा हे मला सुचलं नाही. वेंडेलने ते मोठ्या आनंदाने टिपून घेतलं. मलाही मजा येऊ लागली. कपाटाचं चित्र दाबलं, कपाट उघडलं.

"आता मिसेस ओचोआंच्या मोले रश्श्याची कृती छापायच्या यंत्राच्या चित्रावर नेऊन ठेवा," वेंडेल म्हणाला.

कपाटात दोन कागद होते. दोन्ही अगदी सारखे. खालची अक्षरं तेवढी वेगळी.

"बोला, मिस्टर ओचोआ. मनात काय चाललंय?"

"चष्मा घरी राहिला."

हे मी बँकेत म्हणायचो, दवाखान्यात म्हणायचो, आणि समोरचा माणूस निमूट वाचून दाखवायचा. वेंडेलचा चेहरा मात्र उजळला.

"अहो, हीच तर याची गंमत आहे!" त्याने कसलीशी कळ दाबली. अक्षरं मोठी झाली. "दिसतंय? अजून करू?"

अजून मोठी झाली. मग आणखी. शेवटी एकेक अक्षर माझ्या तळहाताएवढं झालं.

"आणि स्पॅनिशमध्येच आहे बरं का. एल्विराने तुमच्यासाठी मुद्दाम लिहिलंय."

पडद्यावर त्या अक्षरांशिवाय काही उरलं नव्हतं. उंदीर माझ्या हातात घामाने निसटत होता. मी मागे पाहिलं नाही, पण एल्विराचं हसणं थांबलंय एवढं कळलं.

"डावीकडचा कागद, अपा," ती हळूच म्हणाली.

"एल्विरा!" वेंडेल ओरडला. "बोलायचं नसतं! सगळी फीत वाया घालवलीस."

"चुकलंच माझं. मला मेलीला धीरच नाही. आई कायम हेच म्हणते."

वेंडेल तिच्यावर चिडला होता, आणि मी तिला बोलणी खाऊ दिली. मान खाली घालून तो कागद यंत्रावर नेला. कृती छापून बाहेर आली. एल्विराने ती घडी करून पर्समध्ये ठेवली, मला दाखवली नाही.

गाडीत किंवा पुढेही तिने कधी हा विषय काढला नाही. फक्त समोर येईल ते, स्वतःशीच वाचावं तसं, मोठ्याने वाचू लागली. खाणावळीत बसलो की, "अरे वा, आज पोसोले आहे, मेनुदोपण आहे." रस्त्यावरची पाटी, औषधाची बाटली, चर्चमधलं गाणं. तिचा तो आवाज लागला की माझी कानशिलं तापायची. मला तिला म्हणायचं होतं, "मला शिकव, पोरी." कित्येकदा तोंड उघडलं आणि "मीठ दे" म्हणालो.

मी अक्षरं शिकलो १९९४ साली, सार्वजनिक ग्रंथालयात, एका परक्या बाईकडून. तिला सांगणं सोपं गेलं. एल्विरा त्याच्या आदल्या वर्षी, मार्च महिन्यात, कॅन्सरने वारली.