सात जणांची एकच बरगडी

बंगळुरूजवळच्या बोम्मसंद्र्याच्या त्या मंगल कार्यालयात रविवारी सकाळी लग्न नव्हतं, तरी हार होते, पेढे होते आणि चारशे माणसं होती. खिडक्यांच्या काचांवर छातीचे एक्स-रे चिकटवले होते, जोडीजोडीनं: डावीकडे ‘आधी’, उजवीकडे ‘नंतर’. आधीच्या फोटोत फुप्फुसभर पांढरे ठिपके, नंतरच्यात फुप्फुस काळंभोर, स्वच्छ. बायका त्या स्वच्छ फोटोंना हळदकुंकू लावत होत्या. दगड कापणाऱ्यांच्या छातीत साचलेली धूळ शिलाहर स्वामी नुसत्या फुंकरीनं काढून टाकतात, अशी त्यांची ख्याती होती.

“दगड म्हणजे साक्षात शिव,” स्वामी माइकवर सांगत होते. “तो तुमच्या छातीत येऊन बसतो. मी म्हणतो, देवा, पत्ता चुकला, कैलासावर जा. की निघाला.” हे त्यांनी कन्नडमध्ये सांगितलं, हिंदीत सांगितलं आणि सीमेकडच्या माणसांसाठी मराठीतही सांगितलं. खोकला मात्र सगळ्या हॉलचा एकाच भाषेतला होता.

मागच्या रांगेत बसलेल्या मैत्रेयीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पुण्याहून बंगळुरूला आल्यापासून सहा वर्षं ती एका संस्थेत दगडाच्या धुळीवरच काम करत होती. इथल्या ग्रॅनाइटच्या शेड, राजस्थानातल्या वालुकाश्माच्या खाणी, आंध्रातल्या पाटीच्या दगडाच्या खाणी, सगळीकडच्या कामगारांचे एक्स-रे आणि हवेतल्या धुळीची मापं गोळा करायची आणि एका ठिकाणी कळलेलं शहाणपण दुसऱ्या ठिकाणी पोचवायचं. राजस्थानातल्या एका खाणीनं पात्यावर पाणी सोडून दगड कापायला सुरुवात केली आणि धूळ कितीतरी कमी झाली. ती माहिती तिनं इथल्या एका शेडमालकाला तीनदा पाठवली होती. मालकानं पाणी आणलं नाही, स्वामी आणला. नळ बसवण्यापेक्षा बाबा बसवणं सोपं.

त्याच शेडमध्ये बसवंत काम करायचा. चिकोडीकडचा, बेचाळीस वर्षांचा. संस्थेचे डॉक्टर सुधींद्र यांनी त्याला पाच महिन्यांपूर्वीच बजावलं होतं, की धुळीत पुन्हा पाऊल टाकू नका. तो घरी बसला. मग स्वामींनी फुंकर मारली, स्वच्छ एक्स-रे हातात दिला, आणि मालकानं त्याला सोमवारी पात्यावर हजर व्हायला सांगितलं. म्हणजे उद्याच.

त्याची बायको तानूबाई मैत्रेयीला मुद्दाम खिडकीपाशी घेऊन गेली. “बघा अक्का, आमच्या ह्यांची छाती कशी धुवून निघाली.”

मैत्रेयी बघतच राहिली. ‘नंतर’च्या फोटोत उजवीकडची चौथी बरगडी पुढच्या टोकाला बेचकीसारखी दुभंगलेली होती. अशी बरगडी जन्मतःच असते, निरुपद्रवी असते आणि फार थोड्यांना असते. पण डाव्या फोटोतली बसवंतची बरगडी तर एकसंध होती. शिवाय ही बेचकी तिनं गेल्या आठवड्यात पाहिली होती, स्वामींनी ‘बरं’ केलेल्या कामगारांच्या फोटोंत, एकदा राजस्थानातून आलेल्या आणि एकदा आंध्रातून आलेल्या. ती पुढच्या खिडकीशी गेली, मग त्याच्या पुढच्या. माणसं तीन राज्यांतली, नावं सात आणि बरगडी एक.

तिनं सातही फोटो काचेवरून ओरबाडून काढले, एकावर एक ठेवले आणि उजेडात धरले. सात छात्यांची मिळून एकच छाती दिसत होती. हॉलमध्ये गलका झाला. ती सरळ माइकपाशी गेली आणि तिनं विचारलं, या सात जणांची बरगडी सारखी कशी?

स्वामी मंद हसले. “जिथून देव बाहेर पडला, तिथं त्याच्या त्रिशूळाची खूण राहते.” टाळ्या पडल्या.

“त्रिशूळाला टोकं तीन असतात,” मैत्रेयी म्हणाली. “इथं दोनच आहेत.”

आता कुणीतरी फिसकन हसलं. तिच्यासोबत आलेले डॉक्टर सुधींद्र उठले आणि म्हणाले, संस्थेची एक्स-रेची गाडी दारात उभी आहे, दहा मिनिटांत बसवंतचा नवा फोटो काढू. स्वामी घाईघाईनं म्हणाले, अश्रद्धेनं धूळ परत येते. मैत्रेयीनं विचारलं, “आणि बरगडी? तीही परत जुळते?”

बसवंत कुणाकडे न बघता गाडीत जाऊन आला. नव्या फोटोत बरगडी एकसंध होती आणि ठिपके होते तिथंच होते.

स्वामींचा धडधाकट शिष्य प्राणेश दाराकडे सटकू लागला. तानूबाई आडवी उभी राहिली. “स्वल्प थांब, अण्णा. त्या गाडीत आधी तू चढ.” तो चढला नाही, खाली बसला आणि बोलला. सातही फोटोंतली छाती त्याचीच होती. कॉम्प्युटरवर फक्त नाव बदलायचं आणि नवी फिल्म छापायची.

बसवंत व्यासपीठासमोर येऊन उभा राहिला. बोलताना त्याला धाप लागत होती. “मी उद्या धुळीत उभा राहणार होतो, स्वामी. तुम्हाला ठाऊक होतं.”

स्वामींनी मान खाली घातली. मैत्रेयीला त्यांची तिळमात्र कीव आली नाही. भोळ्या माणसाची लुबाडणूक वाईटच, पण इथं तर मरणाला स्वच्छतेचं प्रमाणपत्र देऊन माणसाला त्याच्या दारात ढकललं जात होतं.

पोलीस स्वामींना घेऊन गेले. सोमवारी शेडमधल्या अकरा जणांनी पातं चालू करायला नकार दिला, आणि गुरुवारी तिथं पाण्याची नळी आली. बसवंतची छाती मात्र सुधारणार नाही. फुप्फुसात रुतलेली दगडाची धूळ फुंकरीनं निघत नाही आणि औषधानंही निघत नाही. ती आत जाऊ न देणं एवढंच आपल्या हातात आहे, आणि ते कसं करायचं हे कुठल्या ना कुठल्या खाणीत माणसांना केव्हाच कळलेलं आहे. तेव्हा चमत्कार दाखवायला कुणी आला, तर त्याला म्हणा, आमच्या डोळ्यांसमोर, आमच्या यंत्रावर पुन्हा करून दाखव. आणि त्याला घेऊन येणाऱ्या मालकाला विचारा, पाणी कुठं आहे?