खळग्यातलं पाणी कुणाचं

दोन जिल्ह्यांच्या भांडणात एरवी दोघांनाही जमीन हवी असते. इथे सगळं उलटं होतं. खिंडीतली ती वस्ती दोघांनाही नको होती.

वस्ती उंचावर, घरं मोजकी आणि रस्ता दर हिवाळ्यात ढासळणारा. असलं लचांड गळ्यात बांधून घ्यायला कोण तयार होणार? उत्तरेचा जिल्हा म्हणायचा ती दक्षिणेची, दक्षिणेचा म्हणायचा छे, ती तर पहिल्यापासून उत्तरेची. कुणीतरी कधीतरी दवाखान्याची दोन खोल्यांची इमारत बांधून दिली होती. पण तिथे नर्स कुणी नेमायची आणि पगार कुणी द्यायचा, इथे गाडं अडलं होतं. दाराला कुलूप होतं आणि कुलपाला गंज. गेल्या हिवाळ्यात एक बाळंतीण खाली नेता नेता वाटेतच गेली. दोन्ही कचेऱ्यांनी हळहळ व्यक्त केली आणि पुन्हा चेंडू टोलवायला सुरुवात केली.

शेवटी वरून हुकूम आला की सरहद्द नक्की कुठून जाते ते एकदा मोजून मोकळे व्हा. नकाशा कार्यालयात ज्याला त्याला नेमकी तेव्हाच कंबरदुखी सुरू झाली आणि काम सगळ्यात नव्या मुलीच्या पदरात पडलं. भूशास्त्र शिकून ती नुकतीच नोकरीला लागली होती. वस्तीने पहिल्याच दिवशी तिचं बारसं करून टाकलं: मोजणीवाली.

ती थोरल्या काकूंकडे उतरली. थोरल्या काकू आपल्या पुतण्यांच्या काकू होत्याच, पण वस्तीतले त्यांच्याहून मोठे म्हातारेही त्यांना काकूच म्हणायचे. घरात त्या आणि त्यांची सून. मुलगा कामासाठी खाली शहरात होता आणि सुनेचे दिवस भरत आले होते.

"काय मोजणार तू?" काकूंनी विचारलं.

"डोंगर."

"मोज, सावकाश मोज. तो काही पळून जात नाही."

मोजण्याचा नियम फार जुना होता. पूर्वी डोंगराच्या दोन बाजूंना दोन राजे होते. पिढ्यान्‌पिढ्या लढून दोघांचीही हाडं खिळखिळी झाली, तेव्हा त्यांनी तह केला. ज्या उतारावरचं पाणी उत्तरेला जातं तो उतार उत्तरेचा, दक्षिणेला जातं तो दक्षिणेचा. पुढे राजे गेले, दुसरे राज्यकर्ते आले, तेही गेले, जिल्हे झाले. सरहद्द मात्र प्रत्येकाने तीच ठेवली, कारण पाण्याशी हुज्जत घालता येत नाही. नकाशावर ती रेघ कड्याच्या माथ्यावरून झोकात पळत यायची आणि वस्तीपाशी येऊन तिचे नुसते ठिपके व्हायचे.

ठिपक्यांचं कारण मोजणीवालीला पहिल्या फेरीतच दिसलं. वस्ती एका मोठ्या बशीसारख्या खळग्यात होती. चारी बाजूंचं पाणी खळग्यातल्या तळ्यात उतरत होतं आणि तळ्याच्या एका कोपऱ्यात, खडकाच्या चिरेतून, गुळगुळ आवाज करत जमिनीत गडप होत होतं. तिथून पुढे ते कुठे जातं?

"दक्षिणेला," काकूंनी ठासून सांगितलं. "माझ्या आजेसासऱ्यांनी या चिरेत काठी टाकली होती. ती थेट दक्षिणेच्या नदीत सापडली."

"तीच काठी कशावरून?"

"काठीला काय नाव असतं? काठी टाकली, काठी सापडली. आणखी काय हवं तुला?"

मोजणीवालीला हसू आलं, पण तिचा स्वतःचा अंदाजही काही वेगळा नव्हता. डोंगर चुनखडीचा होता. असा खडक पाण्यात हळूहळू विरघळतो आणि आतून पोखरला जातो. आतल्या वाटांना बाहेरच्या उतारांशी काही देणंघेणं नसतं. तरी खडकाचे थर दक्षिणेला कलले होते आणि दक्षिणेच्या कड्याखाली एक भलामोठा झरा गर्जत बाहेर पडत होता. उत्तरेला नुसती झिरपणी होती आणि एक बऱ्यापैकी झरा, जो नळाने थेट जिल्ह्याच्या गावाला नेला होता. मोठ्या झऱ्यात दिसायला हवा तर रंगही तेवढाच हवा, असा हिशेब करून तिने रंगाची पूड तोलली. पूड पोटात गेली तरी अपाय नाही, याची तिने आधीच खात्री करून घेतली होती. उत्तरेच्या पाणीपुरवठा कचेरीलाही फोन केला होता. तिथल्या कारकुनाने "बरं, बरं" म्हणून फोन ठेवला होता.

पूड ओतायला अख्खी वस्ती जमली. डब्यात ती विटकरी दिसत होती, पण पाण्याला लागली मात्र, तळ्याचा तो कोपरा पोपटी होऊन चमकायला लागला. चिरेने सगळा रंग गटागटा पिऊन टाकला.

"गाई हिरव्या झाल्या तर तू धुवायच्या," काकूंनी बजावलं.

मग वाट बघणं सुरू झालं. कार्यालयाचा ड्रायव्हर दक्षिणेच्या झऱ्यापाशी तळ ठोकून होता. तो सकाळ-संध्याकाळ फोन करायचा. "मॅडम, पाणी पाण्याच्याच रंगाचं आहे." हिशेबाप्रमाणे रंग केव्हाच दिसायला हवा होता. मोजणीवाली पुन्हा पुन्हा आकडे मांडायची, पुन्हा तळ्यावर जायची आणि चिरेला कान लावून बसायची.

तिथेच एका दुपारी सून येऊन बसली. "पाणी उत्तरेला गेलं तर आम्ही उत्तरेचे?"

"हो."

"आणि दक्षिणेला गेलं तर दक्षिणेचे. मग नर्स कुणाची?"

"ज्याची वस्ती त्याची नर्स. तेवढ्यासाठीच तर सगळं अडलंय."

सुनेने चिरेकडे तोंड केलं आणि दटावल्यासारखं म्हणाली, "कुठेही जा बाबा, पण लवकर जा. मी तुझ्यासाठी थांबू शकते, हा पोटातला थांबणार नाही."

मोजणीवालीने वही मिटली. इतके दिवस तो तिच्यासाठी एक सुंदर प्रश्न होता. आता त्या प्रश्नाला घाई होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. ड्रायव्हर नव्हता, उत्तरेच्या पाणीपुरवठ्याचे अभियंता होते आणि त्यांचा आवाज चढला होता.

"बाई, तुम्ही काय केलंत? गावातल्या सगळ्या नळांना पोपटी पाणी! जिल्हाधिकाऱ्यांनी दात घासून आरशात पाहिलं आणि किंचाळले! लोक माझ्या दारात उभे आहेत!"

मोठ्या झऱ्याच्या मापाने तोललेला रंग लहान झऱ्यातून निघाला होता. पण चूक कबूल करण्याआधीच मोजणीवालीच्या तोंडून निघालं, "केव्हापासून? फिकट की गडद?"

"तुम्ही मला प्रश्न विचारताय?"

"अपाय काही नाही, मी लेखी देते. फक्त सुरुवात नेमकी केव्हा झाली ते सांगा ना."

फोन आदळला गेला.

अभियंता दुसऱ्या दिवशी स्वतः वर आले. जाडजूड माणूस, चढाने घामाघूम झालेला. तळ्याच्या काठी उभं राहून त्यांनी चिरेकडे बराच वेळ पाहिलं. चढताना तोंडावर असलेला राग उतरला होता आणि त्या जागी काळजी आली होती.

"म्हणजे आमचं गाव हे पितं."

"हो."

"मग हे तळं आमच्या जिल्ह्यात हवं. आजच्या आज." त्यांनी आवाज खाली आणला. "बघा, रंगाची तक्रार मी करायची म्हटली तर तुमची नोकरी राहणं कठीण. पण कशाला करू? तुम्ही एवढंच करा. रेघेला इथे एक वळण द्या. तळं आत, घरं बाहेर. पाणी आमचं, माणसं त्यांची."

वळण देणं म्हणजे पेन्सिलीचं काम, दोन बोटं हलवण्याचं. तळं पदरात पडलं की उत्तरेला वस्तीची गरज उरणार नव्हती, आणि दक्षिण तर हात झटकून मोकळीच होती. दवाखान्याचं कुलूप आणखी एक पिढी गंजलं असतं. मोजणीवालीला नोकरी लागून जेमतेम वर्ष झालं होतं आणि घरी तिच्या पगाराकडे डोळे लागलेले होते.

"नियम पाण्याचा आहे, साहेब," ती म्हणाली. "पाण्यालाच विचारू या."

तिने काकूंच्या अंगणातून बादली उचलली आणि सगळ्यात वरच्या घराच्या उंबऱ्याशी नेऊन ओतली. पाणी गल्लीत उतरलं. दोन दारांपुढून गेलं, दवाखान्याच्या पायरीला वळसा घालून गोठ्यात शिरलं आणि दुसऱ्या बाजूने तपकिरी होऊन बाहेर आलं. अभियंता आधी त्याच्या मागून चालत होते, मग भराभर चालू लागले. पाणी उतारावरून सुळकन खाली गेलं आणि तळ्याला मिळालं.

"हे... गोठ्यातलं पाणी रोज इथेच येतं?"

"रोज इथे आणि मग तुमच्या चहात," काकू म्हणाल्या.

अभियंत्यांनी ओठ पुसले. आसपास जमलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"रेघ वस्तीच्या पलीकडून, दक्षिणेच्या डोंगरधारेवरून जाते," मोजणीवाली म्हणाली. "घरं आणि तळं वेगळं करता येत नाही. मी तसंच लिहिणार. रंग जास्त पडला ती चूक माझी, तेही लिहिणार. तुम्ही तक्रार खुशाल करा."

"गोठे हलवावे लागतील," अभियंता काकूंना म्हणाले. आता ते विनवत होते. "गटारं बांधावी लागतील."

"हलवू की. आता आपण एकाच घरचे. पण गोठा कुठे असावा, गटार कुठून न्यावं, हे सांगायला कुणी जाणतं माणूस नको का? नर्स पाठवा. ती दाखवेल तिथे गोठा."

"नर्स माझ्या खात्यात येत नाही हो काकू."

"नळ तर येतात ना?" काकू मोजणीवालीकडे वळल्या. "पोरी, ती पूड उरलीय का गं?"

"अर्धा डबा," मोजणीवालीने प्रामाणिकपणे सांगितलं.

अभियंत्यांनी डोळे विस्फारले, मग वर आल्यापासून पहिल्यांदाच हसले आणि खिशातून फोन काढला. आरोग्य खात्यातल्या कुणाला तरी ते बराच वेळ सांगत होते, आधी समजावून, मग ओरडून.

तक्रार झालीच. मोजणीवालीला समज देण्यात आली आणि ती तिच्या सेवापुस्तकात चिकटली. पण सरहद्दीच्या ठिपक्यांची सलग रेघ झाली. कार्यालयाने यंत्रं परत न्यायला गाडी पाठवली, त्याच दिवशी उत्तरेकडून गटाराचे पाइप लादलेला ट्रक वर आला. त्यात ड्रायव्हरशेजारी, मांडीवर पेटी घेऊन, नर्स बसली होती. कुलपाची किल्ली कुठल्याच जिल्ह्याकडे नव्हती. ते दगडाने फोडलं.

नर्सने खिडक्या उघडल्या, हात धुतले आणि सगळ्यात आधी सुनेला आत घेतलं. काकूही मागोमाग गेल्या. मोजणीवाली गाडीत चढवायची यंत्रं घेऊन बाहेर पायरीवर थांबली. दक्षिणेच्या झऱ्याला रंग का आला नाही, ते आता कळलं होतं. पण उत्तरेच्या झऱ्यापर्यंत पोचायला पाण्याला एवढे दिवस का लागले? एवढ्याशा अंतराला? तिने पुन्हा आकडे मांडले. पाणी वाटेत कुठेतरी थांबत असलं पाहिजे, पसरत असलं पाहिजे. डोंगराच्या पोटात कुणी न पाहिलेलं तळं असेल का? केवढं? वरच्या तळ्याहून मोठं? खाली कार्यालयाचा ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता. ती काही उठली नाही.

आतून काकूंनी हाक मारली. "ए पोरी, ये की आत! बाळाचं डोकं खाली आहे म्हणते नर्स, आणि ठोके अगदी घोड्यासारखे. कान लावून ऐक!"

ती यंत्रं तिथेच ठेवून आत धावली.