शेठच्या खिशातला शिक्का

बदलापुरात बाईसाठी राखीव जागा म्हणजे नवऱ्याची सोय. संजीवनी निवडून आली आणि हार पडले तिच्या नवऱ्याच्या, शरदशेठच्या गळ्यात. नगरसेविकेचा रबरी शिक्कासुद्धा याच्याच शर्टाच्या खिशात. रहिवासी दाखला हवाय? शेठना गाठा. बाई कुठायत? बाई घरी.

निवडून आल्यापासून तिने एकच हट्ट धरला. वॉर्डातल्या बागेत सिमेंटचं रॉकेट बांधलंय, त्याला वालेंतिना तेरेश्कोवाचं नाव द्यायचं. अंतराळात गेलेली जगातली पहिली बाई. "आणि त्या दिवशी भाषण मी करणार," तिने बजावलं होतं. शेठ "हो हो" म्हणाला होता. कुत्र्याला हाड म्हणावं तसं.

उद्घाटनाला रॉकेटवर हा एवढा फ्लेक्स. शेठ हात जोडून, पुरुषभर उंच. संजीवनी कोपऱ्यात, पासपोर्ट साइझ. वालेंतिनाला जागाच उरली नव्हती.

"आता आपले लाडके नगरसेवक शरदशेठ बोलतील!" माइकवर सदू ओरडला. सदू म्हणजे शेठचा पाळलेला सूत्रसंचालक.

संजीवनी कागद घेऊन उठलीच होती.

"वहिनी, बसा ना. तुमचं हळदीकुंकू नंतर आहे," सदूने तिला अडवलं.

शेठने सुरुवातीलाच ठोकून दिलं, "ही वालेंतिनाताई वर गेली ती कोणाच्या जिवावर? तिच्यामागे तिचा नवरा भक्कम उभा होता!"

टाळ्या. पडणारच. पुढच्या रांगा सगळ्या नवऱ्यांच्याच होत्या.

संजीवनीने माइक ओढला. "तेव्हा तिचं लग्नच झालं नव्हतं. एकटी गेली होती ती."

मागून भाजीवाली बनूबाई ओरडली, "अगं बया, म्हणूनच पोचली की!"

बायका फिदीफिदी हसल्या. शेठ दात आवळून म्हणाला, "घरी बोलू."

"इथंच बोला. माझा शिक्का द्या."

"गाडीत राहिला."

पांढऱ्या खिशावर शाईचा जांभळा डाग शेवटच्या रांगेलाही दिसत होता. खोटं बोलायलाही अक्कल लागते.

संजीवनीने सरळ त्याच्या खिशात हात घातला आणि शिक्का काढून पर्समध्ये टाकला. स्टेजवरचे सगळे मर्द आपापले मोबाइल बघायला लागले.

"दाखला हवा असेल त्यांनी मला भेटा," ती म्हणाली. "बाई घरी नाही. ऑफिसात आहे."

सदूने माइकसाठी हात पुढे केला. तिने दिला नाही. तिचं भाषण अजून व्हायचं होतं.