टेबलावरचे दोन ठोके

त्या कादंबरीत तो शब्द एक्केचाळीस वेळा येतो. साहित्य शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच वर्षी पेन्सिलीने खुणा करून मोजला होता. कादंबरी आहे एका काळ्या शिवणवालीची. गावातल्या गोऱ्या घरांचे सगळे कपडे ती शिवते, पण तेच कपडे घालून लोक समारंभाला जमले की तिला दारातूनच परत पाठवतात. आणि अख्खं गाव तिला नावाने नाही, काळ्या माणसांना द्यायच्या शिवीने, त्या शब्दाने हाक मारतं.

अभ्यासक्रमात ही कादंबरी लागून सोळा वर्षं झाली. लागली तेव्हाच परीक्षा मंडळाचं परिपत्रक आलं होतं की वर्गात आणि परीक्षेत तो शब्द कोणीही उच्चारायचा नाही. परिपत्रक काढणाऱ्यांचं काय जातं. मोठ्याने वाचताना एक्केचाळीस ठिकाणी नक्की करायचं काय, हे त्यांनी लिहिलंच नव्हतं. काही शिक्षक ‘तो शब्द’ म्हणून पुढे जायचे, काही खोकायचे. एक सर नुसतेच छताकडे बघायचे आणि त्यांचा वर्गही बिचारा छताकडे बघायचा.

बाईंना मात्र युक्ती सुचली. शब्द आला की उजव्या हाताची मूठ वळून बोटांच्या पेरांनी टेबलावर दोनदा ठोकायचं आणि पुढे वाचायचं. शब्द तोंडात घ्यायला नको आणि वाक्याची लयही मोडायला नको. युक्ती इतकी चालली की शिक्षकांच्या शिबिरात त्यांना ती करून दाखवायला सांगितलं. टाळ्या पडल्या. पुढे मंडळानेही आपल्या नियमांत ती घातली. इतकी वर्षं माझं डोकं ठोकत आलीस, आता सरकारमान्य झालीस, अशी नवऱ्याने चेष्टा केली. बाई हसल्या, पण मनातून त्यांना अभिमान वाटला होता.

हे आधी सांगायला हवं, कारण बाई वाईट नव्हत्या. वाईट माणसाने हे केलं असतं तर सगळं सोपं झालं असतं.

यंदा शेवटच्या वर्गात बत्तीस मुलं होती आणि त्यांत शिवणवालीच्या वर्णाची एकच मुलगी. आई इस्पितळात नर्स, वडील बस चालवायचे. बाई तिला लाडाने ‘वकील’ म्हणायच्या. बाईंची नमुना उत्तरं शाळेत प्रसिद्ध होती: दहा गुणांच्या प्रश्नाला पाच मुद्दे, तीन अवतरणं आणि शेवटी मानवता. बाकीची मुलं निमूटपणे घोकायची. ही मागच्या बाकावरून हात वर करून विचारायची, हे कशावरून? शिवणवाली सहनशील आहे असं आपण म्हणतो, पण पुस्तकात तर ती रोज रात्री कात्रीला धार लावते, त्याचं काय? बाई वैतागायच्या आणि घरी जाताना त्याच प्रश्नाचा विचार करायच्या. असं डोकं त्यांच्या हाताखाली फार वर्षांत आलं नव्हतं.

वकिलाला बाईंसारखंच व्हायचं होतं, साहित्य शिकवायचं होतं. शिक्षण महाविद्यालयाचा अर्ज बाईंनीच तिला आणून दिला होता, शिफारशीचा रकाना स्वतःच्या हाताने भरून. साहित्यात ऐंशीच्या वर गुण हवे होते, आणि शंभरातले वीस तोंडी परीक्षेचे होते. वीसमधले दहा नुसत्या वाचनाचे.

तोंडी परीक्षा तीन आठवड्यांवर आली असताना मुलगी शिक्षकखोलीत आली आणि म्हणाली, कादंबरीच्या तासाला मी ग्रंथालयात बसले तर चालेल का? बाई वह्या तपासत होत्या. त्यांनी मान वर न करताच कारण विचारलं. मग तिने सांगितलं आणि बाईंनी पेन खाली ठेवलं.

ती जवळून गेली की मुलं बाकावर दोनदा ठोकत होती. आधी एकच जण, आता जवळजवळ सगळा वर्ग. जिन्याच्या कठड्यावर, डब्याच्या झाकणावर, बसच्या काचेवर. काल पाण्याच्या नळापाशी पाचवीतल्या एका पोरीने ठोकलं होतं. तिने तर कादंबरी पाहिलीसुद्धा नव्हती.

तक्रार का केली नाहीस, असं बाईंनी विचारलं.

“कसली करू, बाई? मला कोणी काही बोललंच नाही. तो शब्द वापरला असता तर त्यांना शाळेतून काढलं असतं. ठोकल्याबद्दल कोण काढणार?”

पुस्तकातल्या शिवीला निदान बंदी होती. बाईंनी सोळा वर्षं राबून एक नवी शिवी तयार केली होती, कुठल्याच नियमात न सापडणारी, आणि शिबिरात उभं राहून ती इतर शाळांनाही वाटली होती.

त्या तडक मुख्याध्यापकांकडे गेल्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, बाक वाजवण्यावर शिक्षा करायची तर निम्मी शाळा घरी बसवावी लागेल. बाईंनी मग वर्गातच मुलांचे कान उपटले. त्याचा परिणाम इतकाच झाला की ठोके हलके झाले. आता पेनच्या टोकाने, नखाने, पुढच्या बाकावर बुटाने वाजू लागले.

शेवटी बाईंनी मुलीला बोलावून सांगितलं, “निदान माझा हात आता उठणार नाही. तू वर्गात बस. मी आहे.” मुलीने मान डोलावली. तिचा बाईंवर अजून विश्वास होता, हे बाईंना दिसलं.

दुसऱ्या दिवशी अकरावं प्रकरण होतं. बाई जपून वाचत होत्या. पहिल्यांदा शब्द आला तेव्हा त्या क्षणभर थांबल्या आणि पुढे गेल्या. दुसऱ्यांदाही जमलं. मग शिवणवालीच्या घराला आग लागण्याचा प्रसंग आला, बाई वाचनात रंगल्या, आणि टेबलावर दोन ठोके पडले. आपलाच हात आहे हे त्यांना ठोके ऐकल्यावर कळलं. कोणी हसलं नाही. एकतीस माना सावकाश मागे वळल्या. हसले असते तर बाईंना रागावता तरी आलं असतं.

संध्याकाळी नवरा चहा ढवळून झाल्यावर सवयीने कपाच्या कडेवर चमचा वाजवत होता. बाईंनी तो हातातून ओढून घेतला आणि रडायलाच लागल्या. सगळं ऐकल्यावर तो बिचारा समजूत घालत म्हणाला, तुझा हेतू तर चांगलाच होता. “हेतूचं काय लोणचं घालू?” बाई म्हणाल्या.

तोंडी परीक्षा ग्रंथालयाच्या लांब टेबलावर होती. बाहेरून आलेले परीक्षक बोलके, हसतमुख गृहस्थ होते. तुमच्या शिबिराला मी होतो, आमच्या शाळेत तुमचीच पद्धत चालते, असं त्यांनी आल्या आल्या सांगितलं. बाईंनी विचारलं, एखाद्या विद्यार्थ्याला वाचायच्या उताऱ्याची चिठ्ठी बदलून देता येईल का? परीक्षकांनी दिलगिरीने नियमांचा कागद पुढे सरकवला. चिठ्ठी एकदाच. शब्दाच्या जागी दोन ठोके. शब्द उच्चारल्यास वाचनाला शून्य आणि अंतर्गत परीक्षकांची चौकशी. अंतर्गत परीक्षक म्हणजे बाईच.

मुलगी आत आली. भरलेला अर्ज तिच्या हातात होता, आदल्या दिवशी वडिलांची सही घेतलेला, परीक्षा झाली की टपालात टाकायचा. तो तिने टेबलाच्या कडेला ठेवला, वाडग्यातून चिठ्ठी उचलली आणि पुस्तकाचं पान काढलं. शेवटचं प्रकरण होतं. ज्या पोराची बाळपणापासूनची अंगडी शिवणवालीने शिवली, तो मोठा होऊन भर रस्त्यात तिला त्या शब्दाने हाक मारतो. त्या एका पानावर शब्द चार वेळा येतो.

तिचं वाचन सुंदर होतं. परीक्षक डोळे मिटून ऐकत होते. शब्दापाशी आल्यावर ती थांबली आणि तिने बाईंकडे पाहिलं.

“बाई, लिहिलंय तसं वाचू?”

परीक्षकांनी डोळे उघडले. बाईंनी टेबलाखाली उजवा हात डाव्या हाताने घट्ट धरून ठेवला होता. वाच म्हटलं तर दहा गुण जाणार, अर्ज जाणार, मागून चौकशी येणार. त्यांनी मुलीचं भलं आठवलं आणि त्याच दमात स्वतःची नोकरीही आठवली. आधी कोणतं आठवलं, हे त्यांना नंतर कधीच नक्की सांगता आलं नाही.

“नियमाप्रमाणे वाच,” बाई म्हणाल्या.

मुलीने उजवा हात वर उचलला, बोटं वळवली आणि टेबलावर दोनदा ठोकलं. मग पुढचं वाक्य वाचलं. मग पुन्हा ठोकलं. चारही वेळा तिचा आवाज हलला नाही.

परीक्षकांनी प्रश्न विचारला, शिवणवाली त्या मुलाला उलट का बोलत नाही? मुलीने बाईंचं नमुना उत्तर जसंच्या तसं म्हणून दाखवलं, पाच मुद्दे, तीन अवतरणं, शेवटी मानवता. कात्रीचं नाव तिने काढलं नाही. बाई वाट पाहत होत्या की आता तरी ही विचारेल, हे कशावरून. तिने पुस्तक मिटून ठेवलं.

परीक्षकांनी वीसपैकी वीस लिहिले आणि कागद सहीसाठी बाईंकडे सरकवला. “हुबेहूब तुमची विद्यार्थिनी,” ते खूश होऊन म्हणाले. “ठोकण्याची लकबसुद्धा तुमचीच.”

बाईंनी सही केली.

मुलगी दारापर्यंत गेली तेव्हा बाईंनी तिला अर्ज राहिल्याची आठवण करून दिली. ती मागे वळली, पण टेबलाजवळ आली नाही.

“तुमच्याकडेच असू द्या, बाई,” ती म्हणाली. “मला नाही कोणाला शिकवायचं.”

दार लागलं. यादीत अजून एकोणीस नावं होती. बाईंनी अर्जाची घडी घालून तो नियमांच्या कागदाखाली ठेवला आणि पुढच्या मुलाला आत बोलावलं.