वडाखालचा शेवटचा स्टॉप

"गाडी माझ्या दारासमोर उभी आहे, काकू. हलणार नाही," दत्तप्रसाद सोमणांनी सांगून टाकलं.

वळायच्या जागेत लावलेल्या मोटारींमुळे स्वारगेटहून आलेली बस वडाअलीकडे अडकली होती. हा कॉलनीचा शेवटचा स्टॉप. आज बस इथे वळली तरच ती यापुढे आत येणार, नाहीतर हायवेवरूनच परत फिरणार, असं फूटपाथवर उभ्या असलेल्या बस डेपोच्या साहेबांनी बजावलं होतं. हायवेचा चढ ललिताबाई गजभियेंच्या गुडघ्यांना झेपणारा नव्हता. बस बंद म्हणजे त्यांची मंडई बंद, मैत्रिणी बंद, सगळंच बंद.

पोस्टात नोकरी लागून त्या नागपूरकडून आल्या तेव्हा इथे नुसतं माळरान होतं. नळ नाही, दिवे नाहीत, पण बस येते म्हणून लोकांनी प्लॉट घेतले. बसच्या मागोमाग किराणा आला, दवाखाना आला, शाळा आली. बस वळवणं हे तेव्हा कॉलनीचंच काम. स्टॉपवर जो असेल त्याने मागे उभं राहून पत्र्यावर थापा मारायच्या. मग दारोदारी मोटारी आल्या आणि बसचीच अडचण व्हायला लागली. गरज सरो, वैद्य मरो.

"बसने जातं कोण आता? कॅब बोलवा ना," सोमण म्हणाले.

ललिताबाईंना संताप आला, पण आवाज चढला नाही. "तुझ्या आईला कळा सुरू झाल्या तेव्हा रिक्षावाले इकडे यायला तयार नव्हते. इथून बस निघाली ती मध्ये कुठेही न थांबता थेट ससूनला. मी होते बरोबर. बसने जातं कोण, विचारतोस? तू गेलायस."

स्टॉपजवळच्या चहाच्या टपरीवरचे लोक हसले. सोमणांनी खिशातून किल्ली काढली. त्यांची गाडी गल्लीत गेली, तसे बाकीचेही आपापल्या किल्ल्या घेऊन बाहेर आले.

ललिताबाई बसच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. "येऊ द्या, येऊ द्या," म्हणत त्यांनी पत्र्यावर थापा मारल्या. बस मागे येत येत वळली आणि शहराकडे तोंड करून उभी राहिली.

"चालू राहील," साहेब म्हणाले.

आनंदाच्या भरात ललिताबाई गुडघे विसरून पायरी चढल्या आणि पिशवी शेजारी ठेवून बसल्या. पाठोपाठ सोमण चढले आणि त्यांच्या सीटपाशी येऊन थांबले.

"मंडईत पार्किंग मिळत नाही," ते कोणाकडेच न पाहता म्हणाले.

"ही लेडीज सीट आहे," ललिताबाई म्हणाल्या. मग धुळीने माखलेल्या हातांनी त्यांनी शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि खिडकीकडे सरकल्या. "ये."